शंका असल्यास समक्ष भेटा

"बाई, चिंचोका भिंतीला टेकून उभाच ऱ्हायला. पांढरा बी न्हाय, काळा बी न्हाय. आता काय धरायचं?"

हा प्रश्न मला विचारला तो एका निवृत्त सुभेदारांनी, आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या घराच्या कट्ट्यावर बसून, एका रविवारी सकाळी. सगळं आयुष्य पलटणीत काढलेला माणूस. चेहऱ्यावर भाव असा, की चिंचोक्याने उभं राहणं म्हणजे शिस्तभंगच झाला. मी म्हटलं, "भिंतीपासून लांब बसा आणि पुन्हा टाका." ते म्हणाले, "पर पुस्तकात तसं लिवलेलं न्हाय." मी म्हटलं, "पुस्तक मीच लिहिलंय, सुभेदारसाहेब. आता लिहिलं असं समजा." हे त्यांना एकदम पटलं. वरच्या अधिकाऱ्याचा हुकूम मिळाल्यावर शंका संपते, तशी त्यांची संपली आणि त्यांनी चहा मागितला.

सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. मी एक खेळ केला होता, एकट्याने खेळायचा. तेव्हा हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसायचा. एकट्यानं कसला खेळ गं, भिडू नको, भांडण नको, मग मजा कशाची? मी जास्त समजावत बसत नसे. हातात पुस्तिका द्यायची आणि गप्प राहायचं. चार दिवसांनी तोच माणूस जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन यायचा आणि विचारायचा, नदीच्या मुक्कामावरून सुटायचं कसं?

खेळ साधा होता. एक पातळ पुस्तिका, तिच्यात घडी घातलेला घाटाचा नकाशा आणि कागदाच्या पुडीत चार फोडलेले चिंचोके. तुम्ही निरोप घेऊन निघालेले वाटसरू. खानापूरच्या बाजूने रानात शिरायचं आणि घाट उतरून खाली कोकणात पोचायचं. पुस्तिकेतल्या प्रत्येक तुकड्याला नंबर होता आणि त्याला मी मुक्काम म्हणत असे. मुक्काम वाचायचा, डावी वाट की उजवी ते ठरवायचं, चिंचोके टाकायचे आणि जितके पांढरे पडतील त्याप्रमाणे पुढच्या मुक्कामाला जायचं. खेळाचं नाव होतं 'एकट्याचा घाट'.

अशा खेळात लबाडी करायला तुम्हाला कोणी अडवत नाही. दान पसंत नसेल तर पुन्हा टाका, कोण बघतंय? पण माणसाची गंमत अशी, की कोणी बघत नसलं की त्याला परवानगी हवी असते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या शंका या शंका नव्हत्याच. चिंचोका चुलीत पडला, मांजराने पंजा मारला, पोराने फुंकर घातली, तर ते दान धरायचं का, असं विचारणाऱ्याच्या तोंडावरच लिहिलेलं असायचं की दान वाईट पडलेलं आहे. मी हसून म्हणायची, मांजराची चूक तुम्ही कशाला भोगता, पुन्हा टाका. शाळेत मी कडक बाई म्हणून प्रसिद्ध होते. कट्ट्यावर मात्र मी भलतीच उदार होते, कारण तिथे मला काही शिकवायचं नव्हतं. लोक मी केलेल्या रानात हिंडून येत होते आणि तिथलं मला येऊन सांगत होते. याहून मोठं सुख मला तोवर मिळालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

ते रान खरं होतं. माझी पहिली नेमणूक खानापूरच्या पुढे रानाच्या कडेला एका लहान गावातल्या शाळेत झाली होती. शाळेच्याच एका खोलीत राहायचं. शाळा सुटली की पोरं गुरांमागे जायची आणि बोलायला चिटपाखरू नसायचं. तिथे चिंचेची झाडं मात्र भरपूर. मी फळ्यावर वाटा काढायची, चिंचोके टाकायची आणि माझी मीच त्या वाटांनी जायची. एकदा सुट्टीला घरी यायला निघाले तर पायवाटेवर गवा उभा. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मी हळूच पाठीमागे सरकले आणि आलेल्या वाटेने सरळ शाळेत परत गेले. दुसऱ्या दिवशी निघाले, घरी पोचले, काही बिघडलं नाही. म्हणून माझ्या खेळात एक नियम होता: परत फिरणाऱ्याला चिंचोके टाकावे लागत नाहीत. पुढच्या वाटेवर काय आहे ते दान ठरवेल, पण मागची वाट तुमच्या पायाखालची आहे, ती तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. सगळा खेळ मी या एका नियमावर उभा केला होता.

बेळगावच्या शाळेत बदली झाल्यावर माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, तो खेळ बघितला. आम्ही मूळचे निपाणीचे. वडील लवकर गेले आणि आईने तंबाखूच्या वखारीत राबून आम्हा दोघांना शिकवलं. अण्णा बेळगावच्या कोर्टात टायपिस्ट होता. बोलण्यात पटाईत, कानडी तर असं बोलायचा की समोरच्याला वाटावं हा धारवाडकडचाच. मला लोकांशी व्यवहाराचं बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. छापखाना शोधला त्याने, प्रेसमालकाला पटवलं त्याने, दुकानदारांकडे पुस्तिका ठेवल्या त्याने. हे त्याचं श्रेय मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. पहिल्या छपाईच्या मुखपृष्ठावर माझं नाव होतं आणि मागच्या बाजूला मी हट्टाने एक ओळ घालून घेतली: शंका असल्यास समक्ष भेटा, रविवारी सकाळी. खाली घराचा पत्ता.

मला वाटलं होतं, लोक पोस्टकार्ड टाकतील. पण आमच्याकडच्या माणसाला समक्ष भेटा म्हटलं की तो समक्षच भेटतो. संकेश्वरहून एस.टी.ने माणसं यायची. एकाने तर नारळ आणि पान-सुपारी आणली होती. सुभेदार दर रविवारी हजर, शंका असो नसो. आई आतून चहाचे कप सरकवायची आणि कपाळाला आठ्या घालायची. "हितं काय दवाखाना काडलायस काय गं?" ती म्हणायची. मी हसण्यावारी न्यायची. आई कुरकुरते ती चहाच्या साखरेसाठी, असं मला वाटायचं.

पहिल्या छपाईच्या पुस्तिका संपल्या, तेव्हा अण्णा मला प्रेसवर घेऊन गेला. प्रेसमालक भला माणूस, घरी-दारी कानडीच बोलणारा. मराठी समजायची, पण बोलायला जीभ वळायची नाही, म्हणून आम्हीच कानडीत बोलायचो. माझी कानडी शाळेपुरती बरी होती. चहा झाला, कागदाच्या जातीबद्दल बोलणं झालं, आणि अण्णा कधी माझ्याकडे तर कधी त्यांच्याकडे बघत म्हणाला, "मुंदिन आवृत्ती नावु माडतीवि." पुढची आवृत्ती आम्ही करू. किंवा, पुढची आवृत्ती आपण करू. कानडीत दोन्हीला एकच शब्द, नावु. मराठीत बोलताना माणसाला निवड करावीच लागते. समोरच्याला बरोबर घेतलं तर आपण, बाहेर ठेवलं तर आम्ही. कानडीत ती वेळ येत नाही. मी ते वाक्य कानात घेतलं, मनात मराठी केलं आणि करताना माझ्याही नकळत त्यात स्वतःला घालून घेतलं. आपण करू. किती बरं वाटलं मला! मान डोलावून मी म्हणाले, "हौदु, हौदु." होय, होय. प्रेसमालकही हसले आणि म्हणाले, मग ठरलं.

त्यानंतर बरेच दिवस काही ऐकू आलं नाही. मी विचारलं की अण्णा म्हणायचा, चाललंय, कागद मिळत नाही. शाळेच्या परीक्षा होत्या, मीही जास्त मागे लागले नाही.

मग एका रविवारी सुभेदार आले ते रागातच. कट्ट्यावर बसलेसुद्धा नाहीत. हातात पुस्तिका होती, चकचकीत मुखपृष्ठाची, मी कधी न बघितलेली. "बाई, ह्ये काय केलंसा तुमी? परत फिरला तो हरला? आवो, पलटनीत बी मागं फिरायचा हुकूम असतो. मागं फिरला म्हंजी मेला, आसं कुटं असतंय?"

मी पुस्तिका हातात घेतली. 'एकट्याचा घाट', नवी आवृत्ती. खाली निर्माते म्हणून दोन नावं, अण्णाचं आणि प्रेसमालकांचं. मागच्या बाजूला माझीच ओळ, शंका असल्यास समक्ष भेटा, आणि पत्ता प्रेसचा. आत नकाशा माझा, मुक्काम माझे, शब्दसुद्धा माझे. बदललेला नियम एकच होता, आणि तो नेमका तोच.

सुभेदारांना मी एवढंच म्हणू शकले, "हा नियम माझा नाही." ते पुस्तिकेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. नावं त्यांनी आत्ता वाचली असावीत. "आसं व्हय," ते म्हणाले. "मग मी माझं जुनंच खेळतो." आणि चहा न घेता गेले.

अण्णा बाजारातून आला तेव्हा मी पुस्तिका त्याच्यापुढे धरली. मला वाटलं होतं तो चपापेल, काहीतरी थाप मारेल. तसं काही झालं नाही. तो चप्पल काढता काढता म्हणाला, "व्हय, आली न्हवं का कालच. आम्ही म्हटलं, थोडी चटकदार करूया. परत फिरता येतंय म्हटल्यावर भ्या कसलं ऱ्हातंय खेळनाऱ्याला?"

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हंजी आम्ही. प्रेसवाले आन मी. तुझ्यासमोरच ठरलं की. तू हौदु म्हनालीस."

मी हौदु म्हणाले होते. खरंच म्हणाले होते. आता काय सांगणार होते त्याला, की मी तुझ्या नावु मध्ये होते? बाहेर गावात मोर्चे निघायचे ते पाट्यांवरच्या मराठी अक्षरांसाठी, आणि आमच्या घरात माझं सगळं गेलं ते एका सर्वनामात. मी कानडीला दोष देत नाही. तिने काही लपवलं नव्हतं. लपवलं ते अण्णाने, आणि आडोसा म्हणून ती भाषा वापरली, जिच्यात त्याला मला डोळ्यांत बघून खोटं बोलावं लागलं नाही. हुशार माणूस माझा भाऊ!

मी ओरडले. आयुष्यात त्याच्यावर पहिल्यांदा ओरडले. नाव काढलंस ते काढलंस, नियम का बदललास, त्या नियमावर सगळं उभं आहे, एक वीट काढलीस तर बाकीचं कुठे जाईल ते बघितलंस का? तो शांतपणे जेवायला बसला. तेव्हा आई चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "त्येला बोलू नगंस. म्याच म्हनलं त्येला."

मला वाटलं, ती भांडण मिटवायला म्हणतेय.

"म्याच म्हनलं, तिचं नाव काड त्येच्यावरनं," आई म्हणाली. "दर ऐतवारी गडी मानसं कट्ट्यावर. समक्ष भेटा म्हनं! लग्नाची पोर तू, आन पुस्तकावर छापतीस समक्ष भेटा? निपानीची मावशी इचारत हुती, तुमची पोर लोकास्नी काय सांगती म्हनून. दोन स्थळं फुडं सरकली न्हाईत ती कशापायी, ठावं हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं. स्थळं येऊन गेली हेसुद्धा ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या घरात किती तरी दिवस दोघांचं बोलणं चाललेलं, ठरलेलं, आणि मी रविवारची वाट बघत कट्टा झाडत होते. अण्णाचा राग मला करता येत होता, त्याला हाव सुटली असं म्हणून मोकळं होता येत होतं. आईचा राग कसा करायचा ते मला कळेना. तिने जे केलं ते माझ्यासाठीच केलं, असं ती मानत होती, आणि मला मात्र दोघांनी मिळून लुबाडल्यासारखं वाटत होतं. ते वाटणं आजही गेलेलं नाही. मी ते मऊ करून सांगणार नाही.

रविवारी कट्ट्यावर येणारी माणसं प्रेसकडे वळली. सुभेदार कधी रेल्वे गेटाजवळ भेटले की लांबूनच हात वर करायचे. आणि मग एक गंमत सुरू झाली, गंमत म्हणायची तर. अण्णा संध्याकाळी चहा पिता पिता सहज विचारल्यासारखा विचारायचा, "अगं, त्या पुलाच्या मुक्कामाला समदे काळे पडले तर काय करायचं?" त्याला उत्तरं येत नव्हती. येणार कुठून? नियम पाठ करता येतात, पण नियम जिथे संपतात तिथे काय करायचं हे ज्याने ते रान बघितलं त्यालाच सांगता येतं. मी उत्तर द्यायची. शेजारची माझी एक मैत्रीण म्हणायची, देऊ नकोस, पडू दे तोंडघशी. पण प्रेसवर आलेला माणूस संकेश्वरहून एस.टी.ने आलेला असायचा, पुलावर अडकलेला असायचा. त्याचा काय दोष? शिवाय मनात एक वेडी आशा होती. मला वाटायचं, एक ना एक दिवस अण्णा स्वतःच थकेल आणि कुणासमोर तरी म्हणेल, अहो, हे माझ्या बहिणीला विचारा, खेळ तिचा आहे. मला छापील नाव नको होतं. एकदा, चारचौघांत, त्याच्या तोंडून तेवढं वाक्य हवं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर निपाणीहून एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, बरोबर त्याची आई आणि मामा. पोहे झाले, कुंदा झाला. मुलाच्या आईने विचारलं, मुलगी काय करते? आई म्हणाली, शाळेत शिकविती. आणि आणखी काय येतं? आई म्हणाली, "आनखी काय न्हाय. घरात असती."

मामा मघापासून अण्णाकडे कौतुकाने बघत होते. ते पुढे सरकून म्हणाले, "घाटाचा खेळ तुमीच केलाय न्हवं? आमच्या घरात समदी खेळत्यात. एक इचारू? तुमी लिवलंय, परत फिरला तो हरला. पर फुडं धनगरवाड्याच्या मुक्कामाला लिवलंय, 'इथे परत आला असाल तर धनगर तुम्हाला ओळखेल.' आता हरलेला मानूस परत कसा येनार? आमी चार दिस भांडतोय ह्येच्यावर."

अण्णाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे हलले. धनगराचा मुक्काम त्याने बदलायचा राहून गेला होता. असे आणखी कितीतरी मुक्काम राहिले असणार, कारण परत येणारा माणूस त्या खेळात जागोजागी होता. अण्णाने माझ्याकडे बघितलं. मी हातात रिकाम्या बशा घेऊन उभी होते. आईने डोळ्यांनी मला आत जायला सांगितलं.

मी आत गेले नाही. मी म्हटलं, "पुस्तकात चुकीचं छापलंय. परत फिरलेला हरत नाही. त्याने चिंचोकेसुद्धा टाकायचे नाहीत, सरळ मागच्या मुक्कामाला जायचं. धनगर त्याला ओळखतो, भाकरी देतो आणि नदीचा उतार कुठे आहे ते सांगतो. जो एकदाही परत फिरला नाही त्याला तो उतार कधी सापडतच नाही."

मुलाने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. मामांनी मांडीवर थाप मारली. "आसं हाय व्हय! आता पटलं बगा. पर ह्ये तुमास्नी कसं ठावं?"

मी अण्णाकडे बघितलं. सगळेच आता त्याच्याकडे बघत होते. यापेक्षा सोपी वेळ त्याला पुन्हा मिळणार नव्हती. पाहुणे खूश होते, प्रश्न सुटला होता, आणि बहिणीची थोरवी सांगायला स्थळासमोरच्या भावाला कोणी हसलं नसतं. मी मनात म्हणत होते, म्हण. आता तरी म्हण.

अण्णा हसला. माझ्या पाठीवर थोपटल्यासारखा हात हवेतच हलवून तो म्हणाला, "माझ्यासंगं ऱ्हाऊन ऱ्हाऊन हिलाबी समदं पाठ झालंय."

पाहुणे हसले. मुलगासुद्धा हसला. मुलगी हुशार आहे, असं त्याची आई म्हणाली, आणि ते स्थळ त्यांच्याकडून पसंत झालं, मीच नंतर नाही म्हणाले. पण ते सगळं पुढचं. त्या क्षणी मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आई तिथे उभी होती. पहिल्या छपाईच्या एकूण एक पुडीतले चिंचोके तिने स्वतः मांडी घालून अडकित्त्याने फोडून दिले होते, अर्धी बाजू चेपली की बाजूला टाकायची, म्हणायची, खोटं दान पडंल गं तुझ्या मानसास्नी. तिला सगळं ठाऊक होतं. अण्णाचं वाक्य ऐकून तीही हसली, अगदी मनापासून, सुटल्यासारखी.